परवानगीची खिडकी

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीवर घरचा माणूस बहुधा व्यवस्थापकाच्या पूर्ण अधिकाराने काम करी. सोय मोठी; पण आत शिरलेल्या घातक प्रोग्रॅमलाही तेच अधिकार आयते मिळत. म्हणून २००७ मध्ये बाजारात आलेली व्हिस्टा महत्त्वाच्या बदलापूर्वी परवानगी विचारू लागली. आम्ही चार दिवस ती खिडकी वाचली. मग सोसायटीच्या सभेत हात वर करावा तसा होकार देत सुटलो! प्रश्न रास्त होता, पण फार वेळा विचारला गेला, असे आमचे मत आहे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये प्रश्न कमी झाले, चार पायऱ्यांची सरकपट्टीही मिळाली. आम्ही ती तळाशी नेली. पुढे एका फुकट प्रोग्रॅमबरोबर नको ते आत आले, आणि मुलीच्या लग्नाची छायाचित्रे गेली. तेव्हा आम्ही प्रथम यंत्रालाच बोल लावला.