औषधाची वाट

(संस्थेच्या आरोग्य मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले भाषण)



औषध शरीरात कसे पोहोचते, या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हास झाली आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. विरारहून पहाटेची शटल धरून बोईसरला जायचे आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात उभे राहावयाचे, यात आमची उमेदीची वर्षे गेली. तेव्हा जे हाताखालून गेले, तेच आपल्यापुढे मांडणार आहोत.

आरंभ मात्र जुन्या गोष्टीने करतो. विनयपिटकातील महावग्गात राजगृहाचा वैद्य जीवक याची कथा आहे. भगवान बुद्धांची प्रकृती बिघडली व रेचक देणे आवश्यक झाले. जहाल रेचक तथागतांना देणे जीवकाला योग्य वाटेना. त्याने आधी काही दिवस अंगाला तेल लावावयास सांगितले. मग निरनिराळ्या औषधींनी भावित केलेल्या कमळांच्या तीन जुड्या आणल्या आणि त्यांचा केवळ वास घ्यावयास सांगितले. दुसरी गोष्ट उज्जैनीच्या राजा प्रद्योताची. त्याला पंडुरोग झालेला, औषध तुपातले, आणि राजाला तुपाचा तिटकारा! जीवकाने तूप औषधींबरोबर असे कढविले की त्याला काढ्याचा रंग, वास व चव आली.

यातून घ्यावयाचा बोध असा, की औषध कोणते याइतकेच ते कोणत्या वाटेने जाते यालाही महत्त्व आहे. आजचे औषधशास्त्र याच प्रश्नाभोवती उभे आहे.

आपण गोळी गिळतो, तेव्हा ती थेट दुखऱ्या गुडघ्याकडे किंवा डोक्याकडे जात नाही. आधी ती जठरात जाते. तेथे तीव्र आम्ल असते. काही औषधे त्या आम्लात नष्ट होतात, म्हणून त्यांच्यावर असे आवरण चढवितात की जे जठरात विरघळत नाही, पुढे लहान आतड्यात विरघळते. आतड्यातून औषध रक्तात शिरते व पहिल्याप्रथम यकृताकडे जाते. यकृत म्हणजे शरीराचा जकात नाका! तेथे पुष्कळ औषधांचा मोठा वाटा मोडला जातो. उरलेले औषध रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते, त्यातले थोडे दुखण्याच्या जागी पोहोचते, आणि शेवटी मूत्रपिंड व यकृत ते बाहेर टाकतात.

आता घरचीच एक चूक सांगतो. आमच्या मातोश्रींना मधुमेह होता. त्यांना दिवसभर सावकाश सुटणारी गोळी दिलेली होती. म्हातारपणी गिळवेना, म्हणून घरात ती कुटून पाण्यातून देऊ लागले. एके दिवशी दुपारी त्या घामाने डबडबल्या, हातपाय थरथरू लागले, ओळख पटेना. दिवसभराचे औषध तासाभरात रक्तात उतरले होते आणि साखर एकदम खाली आली होती. वेळीच साखरपाणी पाजले, दवाखान्यात नेले, म्हणून निभावले. कारखान्यात आम्ही अशाच गोळ्यांची आवरणे तपासत होतो, आणि घरात मात्र खलबत्ता चालू होता! ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. ज्ञान घरी आणले नाही, तर त्याचा उपयोग काय?

गिळण्याची वाट सर्वांना चालत नाही. छातीत कळ आल्यावर काही गोळ्या जिभेखाली ठेवतात, त्या यकृताचा नाका चुकवून लगेच रक्तात जातात. इन्सुलिन हे प्रथिन. ते गिळले तर अन्नासारखे पचून जाईल, म्हणून 1922 साली टोरांटो येथे प्रथम रुग्णाला दिले गेले ते सुईनेच. परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावे लागे, हे आपण जाणतो.

दम्याच्या पंपाविषयी आपल्या वस्त्यांत फार गैरसमज आहे. वालीव, सातिवलीच्या गाळ्यांत धुळीत काम करणारे बंधू म्हणतात, "पंपाची सवय लागते, गोळीच द्या." वास्तविक साल्ब्युटामॉलच्या गोळीत 2 ते 4 मिलिग्रॅम औषध असते, पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीत 20 ते 40 पट अधिक! पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून थोडके पुरते. तीच गोष्ट सुईच्या हट्टाची. "सुई मारल्याशिवाय गुण येत नाही" हा समज सोडला पाहिजे. जेथे गोळी पुरेशी आहे, तेथे सुई म्हणजे विनाकारण धोका व खर्च.

औषध योग्य जागी पोहोचविण्याचे मोठे काम आपल्या मुंबईतही झाले आहे. अॅम्फोटेरिसिन हे बुरशीच्या आजारावरचे प्रभावी औषध, पण मूत्रपिंडाला इजा करणारे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या शास्त्रज्ञांबरोबर ते औषध चरबीच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून देण्यावर संशोधन केले. त्यामुळे मूत्रपिंडाला होणारी इजा कमी होते. 2021 साली कोरोनानंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीचा आजार पसरला, तेव्हा या औषधासाठी नातेवाईक दारोदार फिरत होते. त्याच वर्षी वर्ध्याच्या एका कारखान्यातही अॅम्फोटेरिसिनचे उत्पादन सुरू झाले. औषध शोधणे, ते नीट पोहोचविणे आणि ते गरिबाच्या हाती पडणे, या तीनही वाटा मोकळ्या हव्यात.

आणखी एक गोष्ट. रक्तातले औषध तासागणिक कमी होत जाते, म्हणूनच वेळ पाळावयाची. क्षयरोगाचे औषध दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडले, तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग तो आजार एका घराचा राहत नाही, सबंध चाळीचा होतो.

म्हणून विनंती एवढीच. गोळी कुटण्यापूर्वी, तोडण्यापूर्वी विचारा. जेवणाआधी की नंतर, हे विचारा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता गिळणे, ही आपली शिकवण नव्हे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील काही जण उद्या औषधनिर्माणशास्त्र शिकाल. शिकाल ते आधी आपल्या घरातल्या खलबत्त्यापर्यंत पोहोचवा.



जयभीम! नमो बुद्धाय!