सेवासंस्थेचा कारभारी : त्याला ओळखावें कसें व त्याजपासून शिकावें काय

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत सेवामंडळांच्या कार्यकर्त्यांपुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं गेलेल्यांचें स्मरण करावें व असलेल्यांचा सत्कार करावा, अशी आपली रीति आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्याच्या गळ्यांत आपण हार घालतों त्याचें काम नेमकें कशामुळें थोर ठरलें, हा प्रश्न सत्काराच्या गडबडींत बहुधा राहून जातो. आपण म्हणतों, "केवढा हा त्याग!" त्याग मोठा असतोच. पण त्याग पाहून मनुष्य हात जोडतो, आणि हात जोडून झाले कीं घरीं जातो. कारण तेवढा त्याग आपल्याच्यानें व्हावयाचा नाहीं, हें त्यानें मनाशीं आधींच ठरविलेलें असतें. अशा रीतीनें स्तुति हीच अनुकरणाच्या आड येते. म्हणून आज मी त्यागाविषयीं थोडें आणि कारभाराविषयीं अधिक बोलणार आहें. कारण त्याग पुष्कळांना साधत नाहीं, पण चांगला कारभार शिकतां येतो.

कारभारी हा शब्द आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. धनी वेगळा आणि कारभारी वेगळा. कारभारी दुसऱ्याचें राखतो, दुसऱ्याचें वाढवितो आणि शेवटीं हिशेब देतो. सेवासंस्थेचा धनी कोण, असें कोणीं विचारलें तर देणगीदाराकडे किंवा अध्यक्षाकडे बोट दाखवूं नये. ज्या गरजूंकरितां ती संस्था निघाली तेच तिचे धनी, आणि त्यांच्या मागें उभा असलेला परमेश्वर. हा अर्थ ध्यानीं धरला म्हणजे थोर कारभारी ओळखण्याच्या खुणा आपोआप दिसूं लागतात.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेस वणी तालुका आहे. वणीहून निघून वर्धा नदी ओलांडली कीं चंद्रपूर जिल्हा लागतो व थोड्याच वेळांत वरोरा येतें. तेथें मुरलीधर देवीदास आमटे, ज्यांना सारा देश बाबा आमटे म्हणून ओळखतो, यांनीं उभारलेलें आनंदवन आहे. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजीं हिंगणघाट येथें झाला. घरची जमीनदारी, पेशा वकिलीचा, वरोऱ्याच्या नगरपालिकेचें उपाध्यक्षपद. अशा मनुष्यानें कुष्ठरोग्यांसाठीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली. १९५१ सालीं खडकाळ, झुडपांनीं भरलेल्या सरकारी जमिनीवर ते राहावयास गेले, तेव्हां त्यांच्याबरोबर पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते. उद्घाटन विनोबा भावे यांच्या हस्तें झालें. ही कथा आपण अनेकदां ऐकली आहे. ती सांगतांना वक्ते चौदा रुपयांपाशीं थांबतात. खरी शिकवण मात्र त्यापुढें सुरू होते.

पहिली खूण अशी कीं, थोर कारभारी कळवळ्याला ज्ञानाची जोड देतो. गटारींत पडलेला, बोटें झडलेला तुळशीराम पाहून बाबा प्रथम भ्याले व पळाले, आणि मग त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली, हें प्रसिद्ध आहे. पुष्कळांचा कळवळा येथेंच एखाद्या घोंगडीवर व भाकरीवर संपला असता. बाबा कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगविज्ञानाच्या विद्यालयांत कुष्ठरोगाचें शिक्षण घेण्यास गेले. त्याच सुमारास सल्फोन वर्गाचीं औषधें आलीं होतीं व शतकानुशतकें असाध्य मानलेला हा रोग प्रथमच आटोक्यांत येऊं लागला होता. परत आल्यावर त्यांनीं वरोऱ्याभोवतालच्या गांवांतून उपचारकेंद्रें चालविलीं. विदर्भांत हें काम करणारे ते एकटे नव्हते. मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालींच वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठधाम काढलें होतें, आणि १९४६ सालीं अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं तपोवन वसविलें. विहीर खणण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी कोठें लागलें हें जो विचारतो, त्याचे श्रम वायां जात नाहींत.

दुसरी खूण याहून महत्त्वाची. थोर कारभारी ज्याची सेवा करतो त्याला कायमचा घेणारा राहूं देत नाहीं. औषधानें रोगी बरा होई, पण बरा झालेल्यास घरीं कोणी घेईना. त्याच्या हातीं भिक्षापात्र देणें सोपें होतें. बाबांनीं त्याच्या हातीं कुदळ दिली. झडलेल्या बोटांनीं त्या रुग्णांनीं विहिरी खणल्या, जमीन साफ केली, भाजीपाला व धान्य पिकविलें. पुढें हातमाग, पत्र्याचे डबे, सुतारकाम, छपाई असे उद्योग आले. बाहेरची भीति घालविण्याचाहि मार्ग निघाला. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे तरुण तेथें येऊन राहिले. रुग्णांबरोबर त्यांनीं इमारती बांधल्या व त्यांच्याच पंक्तीस जेवले. पाहणाऱ्यांची भीति ओसरण्यास शंभर व्याख्यानांनीं जें झालें नसतें तें त्या पंक्तीनें झालें.

आणि १९६४ सालीं तर नवलच घडलें. आनंदवनानें आनंदनिकेतन महाविद्यालय काढलें. ज्या समाजानें कुष्ठरोग्याला वेशीबाहेर घातलें होतें, त्याच समाजाचीं धडधाकट मुलें शिकण्याकरितां कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत येऊं लागलीं. काल जो घेणारा होता तो आज देणारा झाला. बंधुभगिनींनो, सेवेची खरी मोजणी हीच आहे. आपण किती पोतीं धान्य वांटलें ही संख्या अहवालांत शोभून दिसते. परंतु वांटप घेणाऱ्यांपैकीं किती जणांना पुढच्या वर्षीं तें घ्यावें लागलें नाहीं, ही संख्या कारभाऱ्यानें रोज उशाशीं ठेवावी.

तिसरी खूण कारभारी समोर असतांना कळत नाहीं. तो दूर गेल्यावर कळते. २३ डिसेंबर १९७३ रोजीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें माडिया गोंडांकरितां लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तो डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या तरुण दांपत्यानें वाढविला. बाबा तेथें ठाण मांडून बसले नाहींत. आनंदवनाचा व्याप डॉ. विकास आमटे यांनीं उचलला. १९९० सालीं वयाच्या पंचाहत्तरीनंतर, पाठीच्या कण्याच्या दुखण्यानें धड बसतांहि येत नसतांना, बाबा नर्मदेच्या तीरीं कसरावद येथें राहावयास गेले व अनेक वर्षें तेथें राहिले. त्या काळांत आनंदवन बंद पडलें नाहीं. ९ फेब्रुवारी २००८ रोजीं बाबांचें देहावसान झालें, त्यानंतरहि बंद पडलें नाहीं. संस्थापक गेल्यावर ज्या घराला कुलूप लागतें, तेथें संस्था नव्हती. तेथें केवळ एक मनुष्य होता.

या ठिकाणीं आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा एक धागा वरोऱ्याशीं जुळतो. १९८३ सालीं बाबांना डेमियन-डटन पारितोषिक मिळालें. त्या नांवांतील पहिला पुरुष फादर डेमियन. बेल्जम देशांतील हा धर्मगुरु १८७३ सालीं हवाई बेटांपैकीं मोलोकाई येथें, जेथें कुष्ठरोग्यांना नेऊन टाकीत, तेथें गेला. घरें बांधलीं, जखमा धुतल्या, मेलेल्यांसाठीं पेट्या केल्या, आणि त्याच रोगानें १८८९ सालीं मरण पावला. २००९ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास संत म्हणून गौरविलें. तो तापट होता, वरिष्ठांना त्याच्याशीं वागणें जड जाई, असेंहि इतिहास सांगतो. निर्दोष मनुष्यच थोर काम करतो असें नाहीं.

पण पारितोषिकांतील दुसरें नांव कोणाचें? जोसेफ डटन हा अमेरिकेच्या यादवी युद्धांत लढलेला एक गृहस्थ. त्याला गुरुदीक्षा नव्हती. १८८६ सालीं तो डेमियनच्या मदतीस मोलोकाईला आला. डेमियन गेल्यावरहि तो राहिला. मुलांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली, आणि १९३१ सालीं मृत्यु येईपर्यंत, सुमारें पंचेचाळीस वर्षें, तें काम सोडलें नाहीं. मदर मारियान व त्यांच्या धर्मभगिनींनीं स्त्रिया व मुली यांचा भार उचलला. प्रारंभ करणारा आणि टिकविणारा, दोघांचीं नांवें एका पारितोषिकांत जोडलीं, यांत मोठें शहाणपण आहे. आपण सारे डेमियनची तसबीर लावतों, डटनची क्वचितच. परंतु या सभेंत बसलेल्यांपैकीं बहुतेकांना ईश्वरानें डटनचेंच काम दिलें आहे.

चौथी खूण सांगतांना जपून बोललें पाहिजे. थोर नांव संस्थेला संकटांतून तारतें, पण नेहमींच नाहीं. २०२० सालीं आनंदवनाच्या कारभारावरून आमटे कुटुंबांतील मतभेद सर्वांसमोर आले व पुष्कळांना दुःख झालें. त्याचा निवाडा करणें आपलें काम नव्हे. आपण आपल्यापुरतें एवढेंच शिकावें कीं, प्रेम व कीर्ति यांच्या जोडीला लेखी नियम हवेत : अधिकार कोणाचा, मुदत किती, हिशेब कोणापुढें, आणि मतभेद झाल्यास निर्णय कोणीं द्यावा. ज्याच्यावर सर्वांचा विश्वास आहे त्यानेंच सर्वांआधीं वह्या उघड्या कराव्या. म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्याला वह्या मागतांना संकोच वाटत नाहीं, आणि दाखवितांना अपमान वाटत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. आपला जिल्हा कापसाचा आणि त्याचबरोबर कर्जाचा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें यवतमाळचें नांव देशभर गेलें आणि त्यामागून मदतहि आली. ती देणाऱ्यांचे आपण ऋणी आहोंत. परंतु विधवा भगिनीला शिवणयंत्र दिलें, छायाचित्र निघालें, आणि वर्षभरानें तें यंत्र कोपऱ्यांत गंजत पडलें, असें कोठें दिसलें तर दोष त्या भगिनीचा नव्हे. शिवलेले कपडे घेणार कोण, सुई तुटली तर मिळणार कोठें, हें यंत्र देण्यापूर्वीं कोणीं विचारलें नाहीं. दात्याचें काम यंत्र देऊन संपतें. कारभाऱ्याचें तेथून सुरू होतें.

कोणी म्हणेल, "आमच्यांत बाबा आमटे कोठें आहेत?" मी म्हणतों, नसोत. कोणीतरी थोर पुरुष येईल याची वाट पाहणें हा आळसाचाच एक सभ्य प्रकार आहे. आपल्या धर्मग्रामांत गरिबांचा निधि आहे, मुलींचें वसतिगृह आहे, बचतगट आहेत. धर्मगुरु व धर्मभगिनी यांची बदली होते. महागुरुस्वामींचें पत्र आलें कीं मीहि पेटी उचलून निघेन. माझ्यामागें यांतील एकहि काम थांबलें, तर आज झालेलें सारें कौतुक पोकळ ठरेल.

म्हणून या महोत्सवाची आठवण म्हणून चार गोष्टी आपण मान्य कराव्या, अशी माझी विनंति आहे. प्रत्येक मंडळानें वर्षांतून एकदां आपला जमाखर्च मंदिराच्या दारावर लावावा. प्रत्येक चिटणिसानें व खजिनदारानें पहिल्याच वर्षीं एक साहाय्यक हाताशीं घेऊन त्यास सारें काम शिकवावें, व ठरलेली मुदत संपतांच त्याला जागा द्यावी. प्रत्येक समितींत, जिच्यासाठीं ती समिति आहे अशी एक तरी व्यक्ति असावी. वसतिगृहाच्या समितींत एक माजी विद्यार्थिनी, निधीच्या समितींत एक विधवा. आणि दर वर्षीं कार्यकर्त्यांनीं एखाद्या चांगल्या संस्थेंत, वरोऱ्यास किंवा अमरावतीस, जाऊन यावें. तेथें देवदर्शनासारखें फिरूं नये, तर कोठार कसें ठेवतात, मजुरी कशी देतात, नवा मनुष्य कसा तयार करतात, हें वहींत लिहून आणावें.

सत्कार करणें म्हणजे ऋण मान्य करणें. शिकणें म्हणजे तें फेडणें. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं या धर्मग्रामाचा पाया घातला त्यांचीं नांवें या स्मरणिकेंत छापलीं आहेत. ज्यांनीं त्यांच्या मागून दिवाबत्ती केली, पावत्या फाडल्या, धान्य मोजलें, त्यांपैकीं पुष्कळांचीं नांवें कोठेंहि नाहींत. पण आज आपण ज्या छताखालीं बसलों आहों तें त्यांनीं राखलें म्हणून उभें आहे. परमेश्वर त्या सर्वांना आपल्या घरीं विसावा देवो, आणि आपणां सर्वांना विश्वासू कारभारी करो. हिशेबाच्या दिवशीं आपल्या वह्या स्वच्छ असोत, आणि आपल्या जागीं दुसरा कोणी आधींच उभा असो.