हजेरीपटावरचा वीर



आजच्या विषयाचा फलक वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. व्याख्यानमालेत गीता झाली, अर्थसंकल्प झाला, कापसाचे भाव झाले; आता भिंतीवर चढणाऱ्या पोराची शाळा! त्यांची तक्रार मला समजते. पण ती थोडा वेळ बाजूला ठेवावी अशी माझी विनंती आहे. या कथा आपण ऐकल्या नसल्या तरी आपल्या घरांतील मुलांनी त्या पाहिलेल्या आहेत. वीतभर मोबाइलच्या पडद्यावर, हिंदीत उतरवलेल्या, त्या भोकरदनलाही पोचल्या आहेत आणि परतूरलाही. न्यूयॉर्कमधील त्या शाळेच्या ओसरीवर लोखंडी कपाटांची रांग कशी असते, हे आपला नातू डोळे मिटून सांगेल. त्याने त्या पडद्यावर नेमके काय पाहिले आणि काय त्याला दाखवलेच गेले नाही, हे पाहण्यासाठी मी आज उभा आहे.

पीटर पार्कर हे त्या मुलाचे नाव. १९६२ साली अमेरिकेतील एका चित्रकथांच्या मासिकात तो प्रथम अवतरला. स्टॅन ली यांनी कथा रचली आणि स्टीव्ह डिटको यांनी त्याला रूप दिले. तोवर अशा कथांत शाळकरी पोर असलेच तर ते बहुधा मोठ्या वीराच्या मागे धावणारे मदतनीस असे. या दोघांनी पोरालाच वीर केले. कोळी चावल्याने अंगात अचाट बळ आले, ही झाली अद्भुताची बाजू. दुसरी बाजू अशी की मुलगा पोरका आहे. ज्या चोराला त्याने गुर्मीत पळून जाऊ दिले, त्याच चोराने पुढे त्याच्या काकांचा जीव घेतला. घरात म्हातारी काकू आहे, पैशाची ओढाताण आहे. तो वर्तमानपत्राला छायाचित्रे विकून चार पैसे आणतो आणि आपला वीराचा पोशाख स्वतःच्या हाताने शिवतो. शाळेत मात्र तो भित्रा, पुस्तकी आणि सदा उशिरा येणारा.

श्रोतेहो, या कथेचे मर्म मला त्या उशिरा येण्यात दिसते. हा मुलगा वर्गात नसतो, कारण तो कोठेतरी दुसऱ्याचे ओझे उचलत असतो. आणि तो का नव्हता, हे त्याला कोणाला सांगता येत नाही.

आता हे आपल्या गावी आणून पाहा. दसऱ्याच्या सुमारास कापूस वेचणीला येतो आणि आपल्या खेड्यांतील शाळांचे वर्ग विरळ होऊ लागतात. पुढे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांच्या गाड्यांवर भांड्याकुंड्यांबरोबर काही मुलेही बसलेली असतात. गुरुजी नाव पुकारतात आणि उत्तर येत नाही. चार दिवसांनी मुलगा येतो. बोंडाच्या टोकांनी बोटे ओरबाडलेली असतात. "कुठे होतास रे?" असे विचारले तर मान खाली घालून म्हणतो, "बरं नव्हतं, गुरुजी." तो खोटे बोलतो, पण घराची लाज राखण्यासाठी बोलतो. मुखवटा यालाच म्हणायचे. न्यूयॉर्कचा पीटर पार्कर घनसावंगीच्या मुलाला परका वाटत नाही, त्याचे कारण त्याच्या जाळ्यात शोधण्यापेक्षा त्याच्या हजेरीपटावर शोधावे.

हे ज्यांना उमगले त्यांनी त्याची शाळा जपली, ज्यांना उमगले नाही त्यांनी ती पायरीसारखी वापरली आणि ओलांडली. खुद्द मूळ चित्रकथेतही तो १९६५ साली शाळा संपवून महाविद्यालयात गेला. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या कथेत शाळेच्या वाट्याला जेमतेम तीन वर्षे आली! चित्रपटवाल्यांनी तर आणखी घाई केली. २००२ साली सॅम रायमी यांचा चित्रपट आला. त्यात शाळेची सहल आहे, खानावळीतील फजिती आहे, सगळे मजेदार आहे. पण चित्रपट अर्ध्यावर येतो न येतो तोच पदवीच्या टोप्या डोक्यावर चढतात आणि शाळा संपते. नायकाचे काम करणारे टोबी मॅग्वायर तेव्हा २६ वर्षांचे होते. दहा वर्षांनी अँड्र्यू गारफील्ड आले, ते २८ वर्षांचे. त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात, २०१४ साली, सुरुवातीलाच शाळेचा निरोप समारंभ उरकून घेतला आहे. एवढा थोराड माणूस पाठीला दप्तर लावून वर्गात फार काळ बसवणे दिग्दर्शकालाही अवघड वाटत असावे.

मग जुलै २०१७ मध्ये जॉन वॉट्स यांचा चित्रपट आला. २१ वर्षांचे टॉम हॉलंड त्यात पंधरा वर्षांचे शोभतात, ही पहिली जमेची बाजू. कोळी चावण्याचा प्रसंग त्यांनी गाळलाच. तो सर्वांना पाठ आहे. तो वेळ त्यांनी शाळेला दिला. या चित्रपटात वीर शाळेच्या स्पर्धेसाठी वॉशिंग्टनला जातो आणि ऐन वेळी संघाला सोडून पळतो. मग तेथल्या उंच स्मारकाच्या पाळण्यात अडकलेल्या आपल्याच वर्गमित्रांना वाचवतो. शाळेत परतल्यावर शिक्षा होते ती पळून गेल्याबद्दल. वाचवल्याबद्दल शाबासकी कोण देणार? ते त्याने सांगितलेलेच नाही.

पण त्यातील एक प्रसंग मला सगळ्या मारामाऱ्यांहून मोलाचा वाटतो. शाळेत नाचाचा समारंभ आहे. आपला नायक सूट घालून, हातात फुले घेऊन वर्गातील मुलीच्या दारी जातो. दार उघडतो तिचा बाप, आणि तो बाप म्हणजेच इतके दिवस आकाशात ज्याच्याशी झुंज चालली होती तो शस्त्रांचा चोरटा व्यापारी! पुढे तिघे मोटारीतून शाळेकडे निघतात. बाप गाडी चालवतो आहे, मुलगी निरागसपणे काहीबाही सांगते आहे, आणि आरशातून दोन डोळे या पोराला ओळखत आहेत. कोणी हात उगारत नाही. घाम फुटतो तो आपल्याला, कारण पंधरा वर्षांच्या मुलाला मुलीच्या वडिलांची जी भीती वाटते तीच येथे पिसाळून उठली आहे. शाळा नसती तर ही मोटार निघालीच नसती.

या चित्रपटावर माझा एक आक्षेप आहे, तोही सांगून टाकतो. येथे एक कोट्यधीश उद्योगपती मुलाला यंत्रांनी भरलेला तयार पोशाख देतो. मोफत गणवेशाची योजनाच म्हणा! स्वतः सुईदोरा घेऊन बसलेला मुलगा गेला आणि त्याच्याबरोबर घरातील चणचणही बरीचशी गेली.

आता आपल्या घरी येऊ. मराठीत असा कोण आहे? अंगात दैवी बळ असलेला शाळकरी वीर आपल्याकडे रुजला नाही. दूरदर्शनवर १९९७ पासून 'शक्तिमान' चालला, पण तो प्रौढ माणूस. आपला जो खरा बालवीर आहे त्याच्याजवळ दोन चपळ पाय, एक सायकल आणि संकट दिसताच 'टॉक्' करणारी जीभ एवढेच भांडवल. तो म्हणजे भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, अर्थात फास्टर फेणे. किडकिडीत अंग, चौकड्यांचा शर्ट, गाव पुण्याजवळचे फुरसुंगी आणि शाळा पुण्याची विद्याभवन. खेड्यातून शहरातल्या शाळेत आलेला मुलगा, हे त्याचे पहिले साहस भागवतांनी न बोलता सांगितले आहे. त्याच्या अनेक कथा सहलीत नि सुटीत घडतात. प्रतापगडावर घडतात, थेट १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या रणभूमीवरही घडतात. पण सुटी संपते आणि मुलगा वर्गात परततो.

दूरदर्शनने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात त्याची मालिका केली. सुमीत राघवन तेव्हा खरोखरच पोरसवदा होते, आणि ज्यांनी ती मालिका पाहिली त्यांच्या मनात फेणे अजून त्याच वयाचा आहे. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी चित्रपट काढला. योगायोग पाहा. तिकडे जुलैमध्ये पीटर पार्कर शाळेत परतला आणि इकडे तीनच महिन्यांनी आमचा फेणे शाळेतून नाव काढून बाहेर पडला! अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला येतो, एका परीक्षार्थी मुलाच्या मृत्यूचा माग काढतो आणि परीक्षांच्या काळ्या बाजारापर्यंत पोचतो. चित्रपट चुरचुरीत आहे. गिरीश कुलकर्णी यांचा खलनायक तर अंगावर येतो. दिलीप प्रभावळकर यांनी स्वतः भा. रा. भागवतच रंगवले आहेत. फेणे त्यांच्याकडेच उतरतो, ही कल्पना मला फार गोड वाटली. लेखकाला पडद्यावर जागा मिळाली, विद्याभवनला मिळाली नाही. शिक्षणाचा बाजार दिसला, शाळा दिसली नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाने गुंडांचा पाठलाग करणे ही गुप्तहेराची कथा झाली. तेरा वर्षांच्या मुलाने तेच केले तर वसतिगृहाचे दार कधी बंद होते, उद्या भूमितीचा पेपर आहे की नाही, घरी पत्र गेले तर काय, असे वीस धाक त्याच्या मानेवर बसतात. त्या धाकांतूनच त्याच्या धैर्याचे वजन कळते.

कोणी म्हणेल, मराठी दिग्दर्शकांना शाळा चित्रित करता येत नसेल. तसे मुळीच नाही. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा 'शाळा' हा चित्रपट सुजय डहाके यांनी २०११ साली केला. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली चित्रपटगृहांत आला. त्यातील तो प्रसंग आठवा. जब्या आणि त्याचे घर डुकराच्या मागे धावत आहेत, डुक्कर आता हाती लागणार, तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर मोकळे फिरते आहे. आणि ज्या शाळेत मुलाने असायचे, त्याच शाळेसमोर, वर्गमित्रांच्या देखत त्याला हे काम करावे लागते आहे. पाठलाग आणि शाळा एकमेकांत अशी गुंतलेली मी अमेरिकेच्या एकाही वीरपटात पाहिलेली नाही. म्हणजे आपल्याकडे शाळा आहे तेथे वीर नाही, आणि वीर आहे तेथे शाळा नाही. दोघांची गाठ घालून द्यायची राहिली आहे.

ती का राहिली, याला व्यवहाराचीही कारणे आहेत, आणि निर्मात्यांवर उगाच तोंडसुख घेण्यात अर्थ नाही. मूल वाढते. मालिका दोन वर्षे चालली की आवाज फुटतो, मिसरूड येते. शिवाय कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालील कलावंताला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, सलग २७ दिवसांहून अधिक राबवता येत नाही, आणि त्याच्या अभ्यासाची सोय करावी लागते. हे सर्व योग्यच आहे. पण त्यामुळे तिशीला टेकलेला नट स्वस्त पडतो.

तरीही मला वाटते, हे आपल्या जिल्ह्यात करून पाहण्यासारखे आहे. मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडील खेड्यांतल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. फुरसुंगीच्या मुलाची सायकल आता त्यांच्या हाती आहे. अशी आठवी-नववीतली एक मुलगी नायिका करावी. बळ हवे असेल तर द्यावे, नसेल तर चपळ पाय पुरेत. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा चित्रीकरण सुरू करावे आणि एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेबरोबर संपवावे. मग ती वाढली तरी कथेतच वाढेल. वेचणीच्या दिवसांत ती एका बाजूला आईबरोबर रानात असेल, दुसऱ्या बाजूला गावावर आलेल्या संकटाच्या मागे असेल, आणि हजेरीपटावर दोन्ही दिवशी एकच खूण पडेल. ती कोठे होती हे गुरुजींना कधी कळावे, कळावे की नाही, एवढे लेखकाने आधी नक्की करावे. बाकीची कथा त्यातून निघेल.

समर्थ रामदासांचे जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यात आहे. बारा वर्षांचा नारायण लग्नमंडपातून पळाला, ही परंपरेने चालत आलेली कथा कीर्तनकार सांगतात, तेव्हा पळण्याला पाच मिनिटे देतात आणि मागे राहिलेल्या आईला अर्धा तास. वीराच्या मागे घर असते आणि ते वाट पाहते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

निर्माते विचारतील, अशी मुलगी आणायची कोठून? मंजुळे यांना त्यांचा जब्या करमाळा तालुक्यातील केम या गावी सापडला. घनसावंगीची एस. टी. आपल्या स्थानकावरून रोज सुटते.