आपला माणूस कुठल्या ठाण्यात आहे?
(परभणीच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता राहू द्या खिशात. आज निरोपाबद्दल बोलायचंय. पोलिसांच्या गाड्या वस्तीत शिरतात, पोरं उचलली जातात, तेव्हा संघटनेनं काय बोलायचं आणि कुणी बोलायचं?

याच शहरात १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. ११ ला बंद, दगडफेक, जाळपोळ. मग वस्त्यांत धरपकड. १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात आलं, अनेक जखमांचा धक्का. मुख्यमंत्री फडणवीस विधानसभेत म्हणाले, त्याला श्वासाचा आजार होता, आणि मॅजिस्ट्रेटनं विचारलं तेव्हा त्यानं मारहाणीची तक्रार केली नव्हती.

बघा, सत्तेचं वाक्य कसं घडीव असतं! त्या वाक्यापुढं विजयाबाई सूर्यवंशी, त्याची आई, उभी राहिली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, ३० जुलैला सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं. नुसता गुन्हा नोंदवा म्हणायला साडेसात महिने! शिक्षेची गोष्ट अजून लांबच.

आपल्याकडं तेव्हा काय तयार असतं? घोषणा. गट सात आणि पत्रकं नऊ.

जुनी गोष्ट काढतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. बदलायचं होतं विद्यापीठाचं नाव. रान उठवलं ते मराठवाड्याची अस्मिता पुसणार म्हणून. 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव नामांतराच्या विरोधात. गावकुसाबाहेरचा माणूस त्या पानांत कितीसा मावणार? या परभणी जिल्ह्यातही आपली घरं जळली. पुढं अत्याचार विरोधी समितीची माणसं गावोगाव हिंडली, काय घडलं ते लोकांच्या तोंडून लिहून घेतलं, १९७९ मध्ये अहवाल छापला. आज कुणी म्हणालं, 'तसं काही झालंच नाही', तर तो कागद पुढं टाकता येतो. भाषणं कुठं गेली कुणास ठाऊक. माझंही जाईल.

मी मुंबईच्या गोदीत काम करतो. क्रेनवाल्याला जहाजाच्या फाळक्यात, खाली तळाशी उभा असलेला माणूस दिसत नाही. वर फाळक्याच्या तोंडाशी एकजण उभा असतो, त्याच्या हाताकडं बघून माल खाली सोडतात. दोघांनी हात हलवले की खालच्याचं डोकं फुटलंच. पण 'थांब' म्हणायला कुणालाही मुभा. कालचा पोरगा ओरडला तरी क्रेन थांबली पाहिजे.

आपलंही तसंच पाहिजे. बंदची हाक, मोर्चाचा रस्ता एकाच तोंडून. पण खोटी बातमी फिरताना दिसली तर सतरा वर्षांच्या पोरीनंही म्हणावं, थांबा, हे खरं नाही. आणि पुढाऱ्यानं मान खाली घालून ऐकावं. आपल्या पुढाऱ्यांना हे जड जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय. ठाऊक नसेल तर 'अजून कळलं नाही, सहा वाजता सांगतो' म्हणा. आणि सहाला सांगा. नाहीतर सातला अफवा सांगेल.

पोरगा उचलला की पहिला निरोप घोषणेचा नको. नाव, वय, किती वाजता, कुठल्या चौकातून, अंगावर कपडे कोणते. एकच मजकूर घरच्यांना, वकिलाला आणि वार्ताहराला. कलम २२ म्हणतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ म्हणतं, अटकेतल्यांची नावं-पत्ते ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात लावा. जा, फळा बघा. नाव नसेल तर तीच बातमी!

आणि मॅजिस्ट्रेटपुढं नेतात तेव्हा भेदरलेलं पोरगं गप्प राहतं. भोवती खाकीच असते, काय बोलणार बिचारं? म्हणून वस्तीतल्या प्रत्येकाला हे आत्ताच, शांततेच्या दिवसांत, पाठ पाहिजे की तिथं शर्ट वर करून वळ दाखवायचे, लिहून घ्या म्हणायचं. वकील हजर ठेवणं संघटनेचं काम.

बाहेर टेबलावर एक वही ठेवलीय. जाताना वस्तीचं नाव लिहा, आणि खाली दोन माणसांची नावं: एक रात्री फोन उचलणारा, एक ठाण्यावर जाणारा. त्यातली एक बाई असू द्या.