तश्बीह आणि उपमा

(शिक्षक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



साहित्यातील अलंकार व संज्ञा हा विषय मला देण्यात आला आहे. त्याच्या नुसत्या नावानेच आपल्यापैकी काहींना जांभई येत असेल. म्हणून आधी माझी एक चूक कबूल करतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी नववीला मराठी शिकवीत असे. परीक्षेत 'अलंकार ओळखा' असा प्रश्न होता आणि उत्तर होते उपमा. एका मुलीने लिहिले 'तश्बीह'. घरी आजोबांच्या तोंडून तिने तो शब्द ऐकलेला. मी लाल शाईने फुली मारली आणि शून्य दिले. त्यानंतर ती वर्गात स्वतःहून उत्तर द्यायला कधी उठली नाही.

तिचे उत्तर बरोबरच होते. 'मुख कमळासारखे' यात मुख हे उपमेय, कमळ हे उपमान, आणि 'सारखे' हा दोहोंना जोडणारा शब्द. उर्दू-फारसीत यालाच तश्बीह म्हणतात. मात्र पुढे थोडे जपून चालावे लागते. रूपक म्हणजे इस्तिआरा, असे आपण सरसकट सांगून मोकळे होतो. इस्तिआरा म्हणजे उसने घेणे. 'शिपाई म्हणजे सिंहच' असे म्हटले की मराठीत रूपक झाले. पण शिपायाचे नाव घेतले, म्हणून जुने अरबी पंडित त्याला तश्बीहचाच एक प्रकार मानतात. शिपायाचे नाव न घेता 'रणात सिंह उतरला' म्हटले, तर तो इस्तिआरा. संस्कृत अलंकारशास्त्र अशा ठिकाणी अतिशयोक्तीचे नाव घेते. म्हणजे दोन नकाशे एकाच गावाचे, पण गल्ल्यांच्या हद्दी निराळ्या.

गझलेच्या संज्ञा तर मराठीत केव्हाच रुळल्या. दप्तरात आहे, उत्तरात आहे, अक्षरात आहे, अशा ओळी संपल्या तर न बदलणारे 'आहे' हा रदीफ आणि त्याच्या आधीचे 'दप्तरात, उत्तरात, अक्षरात' हे काफिये. पहिल्या शेरात दोन्ही मिसऱ्यांना ते असतात, तो मतला. दप्तर फारसी आणि उत्तर संस्कृत, पण काफियाला त्याचे काही वाटत नाही. शेवटच्या शेरात कवी आपले टोपणनाव गुंफतो, तो मक्ता. आपल्या अभंगातील नाममुद्रा हीच गोष्ट करते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत रचना केली, ती असल्या नाममुद्रेसहच.

आता छंदाकडे वळू. 'य' गण म्हणजे एक लघु, दोन गुरू. असे चार 'य' गण आले की भुजंगप्रयात. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. फारसीत हाच गण 'फऊलुन' म्हणून मोजतात. फिर्दौसीचा शाहनामा सुमारे इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाला. त्याची प्रत्येक ओळ तीन फऊलुन आणि चौथ्या ठिकाणी 'फअल', म्हणजे शेवटचा एक गुरू कमी. एवढाच फरक! हे मला कळले तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती, हे सांगायला संकोच वाटतो.

दोन्हीकडचे छंद पारखणारा माणूस मराठीत होऊन गेला. माधव ज्युलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४-१९३९), हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला, 'गज्जलांजलि' लिहिली, 'छन्दोरचना' सिद्ध केली. गंमत अशी की पुढे हेच गृहस्थ मराठीतून फारसी शब्द काढावेत या मताचे झाले. त्यांचे ते मत मला पटत नाही. त्यांचा कोश मात्र आजही उघडतो.

विद्यार्थी मित्रांनो, व्याख्या पाठ करायला माझी हरकत नाही, गुण त्यालाच मिळतात. पण आज घरी गेल्यावर मांडीवर ताल धरून आधी 'फऊलुन' चार वेळा म्हणा, मग त्याच ठेक्यात मनाचा एखादा श्लोक म्हणा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. त्यांना पुढचा शेर आठवेल.