पोरीच्या पीएच.डी.ला पैसा कोण देतं?

मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "लेक एम.ए. झाली, आता पीएच.डी. करायची म्हणते. म्हणजे अजून चार-पाच वर्षं आम्हीच पोसायचं का?" आम्ही सगळ्या गप्प झालो. हाच हिशोब घालून आपण कितीतरी मुलींची लग्नं उरकली आहेत.

मग आम्ही चौकशी केली. संशोधन करणाऱ्याला दरमहा पैसे मिळतात. त्याला फेलोशिप म्हणतात. ते कर्ज नसतं. फक्त सगळ्या विषयांना एकच दार नाही.

आपल्या शीळफाट्याचंच बघा. देसाई खाडीच्या पाण्यात काय मिसळतं, हा प्रश्न विज्ञानाचा. त्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण ही खास बायकांची योजना आहे. तिच्यातल्या पीएच.डी.च्या भागात 27 ते 45 वयाच्या बाईला अर्ज करता येतो. म्हणजे लेकरं झाल्यावरही दार बंद नाही.

फाट्यावरून रोज कारखान्यात जाणाऱ्या बायकांना मजुरी किती पडते, हा प्रश्न समाजशास्त्राचा. त्यासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारात आहे.

आगरी लग्नात धवलारीण जे धवले गाते, तोही पीएच.डी.चा विषय होतो. अशा मुलीने यूजीसीची नेट परीक्षा द्यावी. त्यात जेआरएफ मिळाली, तर 2023 पासून सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. वयाची अट 30 ची, पण मुलींना पाच वर्षांची सूट आहे.

शिवाय राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी मुलींसाठी पुण्याची सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. आदिवासी मुलींसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. आईबापांची एकुलती एक मुलगी असेल, तर यूजीसीची सावित्रीबाई फुले फेलोशिप बघा.

आता आमची चूक सांगतो. आमच्या गटातल्या एका मुलीला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. पण नॉन-क्रिमीलेअरचा दाखला शेवटच्या तारखेनंतर आठ दिवसांनी हातात आला. तिचं अख्खं वर्ष गेलं. दाखल्याचं आम्ही जाहिरात आल्यावर धावाधाव करून बघू म्हटलं होतं. आता मुलगी शेवटच्या वर्षाला गेली, की आम्ही जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या मागे लागतो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपते कधी, तेही वहीत लिहून ठेवतो. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात पूर्ण वाचून घेतो.

अजून एक. फेलोशिप मंजूर झाली तरी पैसे कधी कधी महिनोन्‌महिने येत नाहीत. तेवढ्या काळापुरतं गटाने अंतर्गत कर्ज द्यावं, असं आम्ही ठरवलंय. त्याच मुलीने यंदा पुन्हा अर्ज केला, तेव्हा प्रवासखर्च गटानेच दिला.

आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठीही लोकांनी वर्गणी दिली होती. 1886 ला त्या डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध बाळंतपणावरच होता.

तेव्हा पुढच्या बैठकीत कर्जाच्या वहीशेजारी एक कोरी वही ठेवा. गावातल्या शिकणाऱ्या मुलींची नावं, विषय आणि दाखल्यांच्या तारखा तिच्यात लिहायला घ्या.