गावचे वाचनालय, गावची वर्गणी



आपल्या वर्गातल्या बायाबापड्यांना आता अक्षर ओळखू येते. एसटीवरची पाटी वाचता येते. उसाची पावती वाचता येते. पण पुढं काय? रोज वाचायला काही हाती नसले, तर शिकलेले अक्षरही विसरते. उसाला पाणी चुकले म्हणजे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको.

म्हणून गावात वाचनालय हवे. बारामतीला, इंदापूरला वाचनालये आहेत. पण एका पुस्तकासाठी मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? शाखा इथेच निघाली पाहिजे.

आता प्रश्न पैशाचा. "सरकार देईल की," असे पुष्कळजण म्हणतात. ते नीट समजून घेऊ. आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यता मिळालेल्या वाचनालयाला त्याखाली अनुदान मिळते. पण आधी वाचनालय चालू असले पाहिजे, मग मान्यतेचा विचार. मद्रासकडे १९४८ साली असाच कायदा झाला. तिथे घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी थोडा कर घेतात. आपल्या कायद्यात तसा कर नाही. तेव्हा सुरुवातीचा पैसा आपणच उभा करायचा.

ही रीत जुनीच आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कौळाणे गावचे. शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि खेड्यापाड्यांत वाचनालये काढविली. खजिना मोठा होता. तरी वाचनालयासाठी गावाला आधी खिशात हात घालावा लागे. एक वाटा गावाचा, तेवढाच प्रांत पंचायतीचा, तेवढाच सरकारचा. शिवाय पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. आम्हांला ही रीत पटते. खोलीत आपला रुपया असला, म्हणजे छप्पर गळते का ते बघायला आपण जातो.

हिशेब करून पाहू. शंभर घरांनी महिना दहा रुपये दिले, तर महिन्याचे १,००० झाले. वर्षाचे १२,०००. त्यात वर्तमानपत्र, दिवाबत्ती आणि थोडी पुस्तके भागतील. सांभाळणाऱ्याचे मानधन त्यात बसत नाही, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे आणि साखर कारखान्याकडे जावे लागेल. तिथे हात हलवीत गेलो, तर कोण ऐकणार? वर्गणीची वही घेऊन गेलो, तर ऐकतील.

परवा बैठकीत एक आजी उठल्या. म्हणाल्या, "मागं बी वर्गणी घेतली व्हती. कपाट आलं, कुलूप लागलं. किल्ली एकाच्याच घरी. पोरांनी पुस्तक पाह्यलं बी न्हाई." बैठक गप्प झाली. आजी खरेच बोलत होत्या. म्हणून या खेपेला किल्ल्या दोन. एक बाईमाणसाकडे राहील. दर महिन्याचा जमाखर्च चावडीच्या फळ्यावर लिहायचा. मागच्या वेळी तो वाचणारे थोडे होते. आता तुम्ही आहात.

आणखी एक. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, तेव्हापासून इकडे कालव्याखालचे बागायतदार आणि वरचे जिरायतवाले अशी दोन माणसे झाली. दोघांना एकच वर्गणी लावू नका. ज्याला रोकड जमत नाही, त्याने खोलीच्या भिंतीला हात लावावा, गिलावा करावा. हंगामाला ऊसतोडीची कुटुंबे येतात, त्यांच्या पोरांकडून काहीच घेऊ नये. तीही इथंच वाचतील. यावर वाद होईल. होऊ द्या.

पावतीपुस्तक आज पारावर ठेवले आहे. अंगठ्याची शाई आम्ही आणलेली नाही, पेन आणले आहे. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहा.